गल्लीच्या तोंडाचा दगड

हे मी आजपर्यंत कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. देवापुढे बसते तेव्हा देवापाशीसुद्धा नाही — म्हणजे त्याला माहीत असणारच, पण मी होऊन विषय काढलेला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही ओळखीचे नाही. ओळखीच्या माणसाला सांगितलं की तो लगेच म्हणणार, जाऊ द्या हो, एवढं काय त्यात. आणि तेवढंच मला ऐकायचं नाहीये.

तसं बघायला गेलं तर "एवढं काय त्यात" म्हणण्यासारखीच गोष्ट आहे. तीन फूट जमीन. आमचा सोफा त्याहून लांब आहे. खून नाही, दरोडा नाही, कुणाची पेन्शन खाल्ली नाही. मग इतकी वर्षं घशात का अडकावी?

धायरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निळी पाटी आहे — 'कै. शरद दिवेकर पथ'. शरद दिवेकर म्हणजे आमचे हे. पार्सल आणणारी मुलं फोन करून विचारतात, मॅडम, दिवेकर पथ म्हणजे नक्की कुठून आत? मी गॅलरीतून हात करते.  माझ्या नवऱ्याचं नाव आहे ते, आणि माणूस खरोखर सज्जन होता. पण ते नाव ज्या कारणासाठी तिथं लागलं, ते कारण खोटं आहे. आणि ते खोटं माझं आहे, त्यांचं नाही.

थांबा. असं मधूनच सांगितलं तर काही कळायचं नाही. आधी प्लॉटचं सांगते.

आम्ही शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. नळ सामाईक, संडास सामाईक. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि पुढच्याला जरा वेळ लागला की मागच्यांनी खाकरायचं. त्या दिवसांत देशाचे दरवाजे उघडले, असं पेपरात रोज छापून यायचं. आमच्या वाड्यातला संडासाचा दरवाजा मात्र मला कधी उघडा सापडला नाही. पगारदार माणसं तेव्हा गावाबाहेर प्लॉट घेत सुटली होती. यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी धायरीचं नाव काढलं, आणि आम्हीही गेलो.

ते प्लॉट म्हणजे काय होतं, हे आजच्या लोकांना सांगायला हवं. शेतकऱ्याचं शेत. तो त्याचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडायचा आणि विकायचा. नकाशाला मंजुरी नाही, पाणी नाही, ड्रेनेज नाही. आणि रस्ता? रस्ता कागदावर नव्हताच. तो आमच्या शब्दावर होता. आमचे तात्या — ज्यांचं ते शेत — त्यांनी सगळ्या प्लॉटवाल्यांना आंब्याखाली बसवलं आणि सांगितलं, समोरासमोर दोन ओळी हायेत, परत्येकानं आपल्या पुढनं धा-धा फूट सोडायचं, म्हंजी मधी वीस फुटी गल्ली व्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे हे तर उभे राहून म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. तात्यांनी प्रत्येकाच्या प्लॉटात दहा फुटांवर एक-एक दगड रोवला, पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. झाला रस्ता.

आमचा प्लॉट गल्लीच्या अगदी तोंडाशी. समोरचाही तोंडाशी. बाकी सगळे आत. म्हणजे आमच्या दोघांमध्ये जेवढी वाट राहील, तेवढीच आतल्यांना मिळणार. हे तेव्हाही मला नीट कळत होतं. कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

हे टेलिफोन खात्यात. नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ उघडत होते ते दिवस, आणि यांची बदली नेमकी कोल्हापूरला. शनिवारी यायचे, रविवारी जायचे. त्यामुळे बांधकाम माझ्या गळ्यात. रोज स्वारगेटहून बस धरायची, डबा, छत्री, गवंड्यासाठी थर्मासमध्ये चहा. मला आवडत होतं हो ते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं, बाई, खिडकी कुठं ठेवू?

आखणीच्या दिवशी गवंड्याने दोऱ्या बांधल्या आणि म्हणाला, बाई, दहा फूट सोडल्यावर संडास-बाथरूम आत बसत नाही. बाहेर काढावं लागंल, परसात.

बाहेर. तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी स्वतःशी ठरवलं होतं, माझ्या घरात कुणाला बाहेर जायला लागणार नाही. पावसात नाही, बाळंतपणात नाही, म्हातारपणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, बिचारी. तर तसं म्हणू नका. दुसरा मार्ग होता. स्वयंपाकघर जरा आखूड केलं असतं तर सगळं आत बसत होतं, गवंड्याने तसं सुचवलंही. मला स्वयंपाकघर आखूड करायचं नव्हतं. मला दोन्ही हवं होतं.

दुपारी माणसं भाकरी खायला आंब्याखाली गेली. इकडे चिटपाखरू नाही. समोरचा प्लॉट मोकळा, आंब्याखालच्या बैठकीनंतर कुणीतरी घेतलेला होता पण घेणाऱ्यांना मी अजून पाहिलं नव्हतं. मी आमच्या दगडापाशी गेले. पाट्याएवढा असेल. त्याच्यावर वाळलेलं हळदकुंकू दिसलं. मनात म्हटलं, ही खेड्यातली माणसं, कशालाही कुंकू लावतात. बाजूला पहार पडली होती. मी ती दगडाखाली घातली, दगड उचकटला आणि लोटत लोटत रस्त्याच्या बाजूला नेला. साधारण तीन फूट. पायाने माती सारून जुना खड्डा बुजवला. उरलेली फक्की होती, ती नव्या जागी टाकली. मग हात धुतले आणि डबा उघडला. शेपूची भाजी होती. भूक चांगली लागली होती.

हे असं आहे. मी दगड हलवला.  

गवंडी परत आला, दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोरी सैल झाली व्हय, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, पुन्हा ताणा. त्याने ताणली. शनिवारी हे आले, पाया बघून खूश झाले. मोजायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. शब्द दिला होता ना, मग तो पाळलाच गेला असणार — असा सरळ हिशेब असणारा माणूस. आम्ही पेठेतली माणसं कोर्टकचेरीच्या बातम्या वाचून हसायचो, वीतभर बांधासाठी डोकी फोडतात म्हणायचो. नाकाने कांदे सोलायला आम्हाला कोण अडवणार? बांध कोरायची वेळ आली तेव्हा मी डोकंसुद्धा फोडलं नाही. गुपचूप कोरला.

पुढच्या थंडीत समोरचे आले. राऊत. यवतमाळकडचे, ते भोसरीला कारखान्यात, बायको मंदा. उंच, चटपटीत, बोलायला मोकळी. पहिल्याच दिवशी जवसाच्या चटणीचा डबा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि घरचं सगळं सांगून मोकळी झाली. तिच्या वडलांची गावी पिठाची गिरणी होती. दळायच्या दगडाला टाकी लावण्यापासून सगळं तिला येत होतं. इथं पुढच्या खोलीत ती गिरणी टाकणार होती. जवळपास गिरणी नव्हतीच, आम्ही सगळे दळण घेऊन पार जुन्या गावठाणात जायचो. ती म्हणाली, मी नाही जी कोणाच्या दारी कामाले जाणार, लोक माह्या दारात येतील. हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला होता, की मीही कौतुकाने म्हटलं, माझं दळण पहिलं.

आणि मग त्यांची आखणी झाली. त्यांचा मिस्त्री टेप घेऊन आमच्या भिंतीपासून त्यांच्या दगडापर्यंत मोजायला लागला. वीसच्या जागी सतरा भरले. पुन्हा मोजलं. पुन्हा सतरा. मिस्त्री म्हणाला, इथून विटांचा ट्रक वळायचा नाही. आतले प्लॉटवाले गोळा झाले, कारण सगळ्यांचंच अडणार होतं. कुणाचा तरी दगड हललाय, एवढं उघड होतं. कुणाचा?

मी माझ्या ओट्यावर उभी होते. कुणी मला विचारलंही नव्हतं. मीच होऊन बोलले. "आमचा दगड तात्यांनी रोवला तिथंच आहे. तुमचाच सरकला असेल, पावसात."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. दगड हलवला तो एका दुपारचा मोह म्हणून कुणी सोडूनही देईल. पण हे वाक्य? ते मी शांतपणे, चारचौघांत, चांगल्या शुद्ध भाषेत बोलले. माझ्या भाषेवरच लोकांनी विश्वास ठेवला असावा. पेठेतली बाई, नवरा सरकारी नोकरीत, ती कशाला खोटं बोलेल? तात्यांना बोलावलं तर ते म्हणाले, दगूड हाय तिथं हाय, म्या इकून मोकळा झालो, आता तुमचं तुमी बघा.

राऊत भडकले. सरकारी मोजणी आणतो म्हणाले. माझ्या पायाखालची जमीन सरकली.  मंदा आमच्या दगडाकडे बघत होती. मग आमच्या पायरीपाशी, मी जिथं माती सारली होती तिथं तिने बघितलं. बराच वेळ. मग नवऱ्याला बाजूला घेऊन गेली, दोघांचं काहीतरी बोलणं झालं, तो हात झाडत होता. परत आली आणि मिस्त्रीला म्हणाली, "आमची दोरी तीन फूट मागं घ्या."

माझ्याकडे तिने बघितलं नाही.

गुंठ्याभरातून दहा फूट आधीच गेलेले, त्यात आणखी तीन. पुढची खोली बोळासारखी झाली. गिरणी, तिची मोटर, पट्टा, डबे घेऊन उभी राहणारी माणसं — काहीच मावेना. गिरणी झाली नाही. विटांचे ट्रक मात्र सुरळीत आत गेले, आतली घरं उभी राहिली. आणि मंदा लोकांच्या घरी पोळ्या करायला जायला लागली. भल्या पहाटे निघायची, बसने स्वारगेट, तिथून दुसरी बस. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ती जाताना दिसायची, पर्स काखेत, पदर खोचलेला. मला घराबाहेर जायला लागू नये म्हणून मी दगड हलवला, आणि बाहेर पडायचं तिच्या वाट्याला आलं.

मी तोंडात मूग गिळून बसले. वर्षानुवर्षं.

आता जे सांगायचंय ते जरा विचित्र वाटेल. त्या वर्षांची मला जी आठवण येते, ती नुसती टोचणीची नाही. मला तेव्हा सारखं मनातून उपकृत वाटायचं. गाव महापालिकेत गेलं, मग टेप घेऊन माणसं फिरायला लागली. पुरेशी रुंद असेल ती गल्ली ते ड्रेनेजला, डांबराला धरायचे, अरुंद असेल ती सोडून द्यायचे. शेजारच्या गल्लीत प्रत्येकाने फूट-दोन फूट खाल्लं होतं, कुणी पायरी पुढे काढली, कुणी तुळस. ती गल्ली तशीच राहिली. तिथं टँकरसुद्धा शिरत नव्हता, कोपऱ्यावर उभा राहून पाइप टाकायचा आणि बायका पाइपवरून भांडायच्या. आमच्याकडे नळ आला, ड्रेनेज आलं, दिवे आले. मी नळ सोडायची आणि समोरच्या भिंतीकडे बघायची. ती भिंत मागे होती म्हणून हे पाणी होतं.

मुलीला, अनघाला, हिंजवडीत नोकरी लागली. कॉम्प्युटरवाली, अमेरिकेच्या घड्याळाने चालणारी. कंपनीची गाडी रात्री घरी सोडायची. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीला गाडी कोपऱ्यावरच सोडायची, तिचे वडील बॅटरी घेऊन उभे असायचे. आमच्या अनघाची गाडी एका फेरीत वळून थेट दाराशी यायची. दिव्याचा उजेड मंदाच्या भिंतीवरून सरकला की माझा जीव भांड्यात पडायचा. मनात म्हणायची, मंदाताई, तुझ्यामुळे गं. पण ते मनातच. सकाळी भेटली की म्हणायची, काय, आज थंडी आहे नाही?

रस्ता डांबरी झाला तेव्हा गल्लीत छोटा मांडव घातला. आतल्या लोकांनी ठरवलं, दिवेकरसाहेबांचा सत्कार करायचा. यांनी खरंच खेटे घातले होते, रजा काढून कचेऱ्यांत उभे राहिले होते, त्यात काही खोटं नाही. पण बोलणारा बोलता बोलता म्हणाला, गल्लीच्या तोंडाशी यांनी मोठ्या मनाने जागा सोडली, म्हणून आज हा रस्ता आहे. शाल, श्रीफळ. माझी ओटी भरली. हे बोलायला उभे राहिले. म्हणाले, आम्ही दहा फुटांचा शब्द दिला होता, तो पाळला, प्रत्येकाने आपापला शब्द पाळला तर शहर आपोआप चांगलं होतं.  टाळ्या पडल्या. मंदा पहिल्या रांगेत होती, तिनेही वाजवल्या. राऊत उठून गेले.

मांडीवर नारळ घेऊन मी बसले होते. तेव्हा उठून बोलले असते तर? पण मी उठले नाही. नारळ पदरात नीट धरला.

नंतर वडे वाटत होते, तिथं पाण्याच्या पिंपापाशी आम्ही दोघीच होतो. ती हळू आवाजात म्हणाली, "वैनी, भाऊले ठाऊक नाही, हे मले समजते. त्यांच्याजवळ काही बोलू नका. त्यांचं मन मोडन."

 ती पेला विसळत होती. मग म्हणाली, "प्लॉट घेतला त्या दिवशी दोन्ही दगडांले मी हळदकुंकू वाहिलं होतं, तुमच्याबी अन् आमच्याबी. ज्याले हात जोडले तो कुठं होता, हे माणूस इसरते काय?"

बघा. मी पहार घालून उचकटला, त्याच्यावरचं कुंकू तिचं होतं. शेजार चांगला लाभावा म्हणून लावलेलं.

आणि मी काय केलं? माफी मागितली का? नाही. मी निर्लज्जासारखं विचारलं, मग भांडला का नाहीत? तिने सांगितलं. तिच्या माहेरी शेतात जायची पांदण होती, बैलगाडीची वाट. दोन घरांचं बांधावरून वाजलं, कोर्टात गेलं, आणि वाट बुजली. निकाल लागेपर्यंत दोन्हीकडचे म्हातारे मेले, आणि तोवर साऱ्या गावाने कापूस डोक्यावरून वाहिला. आतल्या घरांचं तसं झालं असतं, म्हणाली. इतकंच. उपकार केल्याचा सूर नाही, टोमणा नाही. मी पेठेतली, मला टोमणा कळतो. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलट उत्तर तरी देता आलं असतं. मी मान हलवली आणि वडा खाल्ला.

त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. जवसाची चटणी येत राहिली. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कामावरून दमून आलेली ती माझ्यासाठी भात लावून जायची. हे गेले त्या दिवशी माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसून होती, मी पाणी प्यायल्याशिवाय उठली नाही. हे गेले ते शब्द पाळलेला माणूस म्हणून गेले. ते समाधान त्यांना कुणी दिलं? मी नाही दिलं. मी तर तो शब्द केव्हाच मोडला होता, तिने ते झाकून ठेवलं.

मग पाटीचं निघालं. आतली मंडळी विचारायला आली, काकू, साहेबांचं नाव द्यायचं म्हणतोय, तुमची काही हरकत? हरकत. किती सोपा शब्द होता. मी म्हटलं, त्यांना आवडलं असतं. पाटी लागली तेव्हा झेंडूचा हार मंदाच घेऊन आली होती.

तिचा मुलगा शिकला, खराडीला चांगल्या कंपनीत लागला, आणि त्याने वाघोलीला फ्लॅट घेतला. समोरचं घर भाड्याने देऊन ते तिकडे गेले. जाताना मंदा दाराशी उभी राहून म्हणाली, या जी नक्की. रिकाम्या ओट्याकडे बघून मला रडू आलं. खरं सांगते, नवऱ्याच्या वेळी आलं त्यापेक्षा निराळं रडू होतं ते.

काही महिन्यांनी गेले मी. धायरीहून स्वारगेट, स्वारगेटहून वाघोली. नगर रस्त्याची ती गर्दी, बस मुंगीच्या पावलाने. सारा वेळ मी एक वाक्य घोकत होते — मंदाताई, तो दगड मी हलवला, आणि सगळ्यांसमोर खोटं बोलले. तिला हे माहीत होतं, मग सांगायचं कशाला? पण तिला माहीत असणं वेगळं आणि माझ्या तोंडून निघणं वेगळं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून ते एकदाही निघालं नव्हतं.

नववा मजला. दार उघडून तिने माझे दोन्ही हात धरले. राऊत गावी गेले होते, मुलगा-सून कामावर. ती हात धरून मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली, कोपऱ्यातल्या कपाटासारख्या वस्तूवरचा रुमाल काढला. घरघंटी. घरातल्या घरात दळायची छोटी विजेची चक्की. पोरानं घेऊन देल्ली, म्हणाली. आणि वर, वैनी, तुमचं दळण पहिलं, तुमीच म्हटलं होतं न.

मी म्हटलं होतं. ओट्यावर बसून, चटणी खाताना. ती विसरली नव्हती.

तिने वरच्या खणात ज्वारी ओतली आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. झाकणावर हात ठेवून ती उभी राहिली, मान जराशी कलती, आवाज ऐकत. बापाच्या गिरणीत अशीच उभी राहत असणार. तिच्या चेहऱ्यावर तो उजेड होता, पहिल्या दिवशीचा. आणि तेव्हा मी बोलले. पूर्ण वाक्य बोलले, घोकलं होतं तसंच. माझं बोलणं मलाही नीट ऐकू आलं नाही, इतका त्या यंत्राचा आवाज होता. ऐकू जाणार नाही म्हणूनच बोलले का? असेल. मला स्वतःची खात्री नाही.

तिने बटण बंद केलं. "काय म्हणत होत्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "पीठ छान बारीक येतंय म्हटलं."

तिने चिमूट घेऊन अंगठ्याने चोळून बघितली. भाकरीले असंच पायजे, म्हणाली, आणि माझ्यासाठी पिशवी भरायला लागली. काठोकाठ भरली, वर गाठ मारली. तिला ऐकू गेलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी पुन्हा बोलले नाही.

येताना बसमध्ये पिशवी मांडीवर होती. येरवड्यापर्यंत तरी ती गरम होती, साडीतून लागत होती. धायरीला उतरून रिक्षा केली. पाटीपाशी आल्यावर रिक्षावाला म्हणाला, आत घेऊ का, वळेल ना? मी म्हटलं, वळेल. ती एका फेरीत वळली, भिंतीला कुठं घासली नाही.

त्या पिठाच्या भाकरी मी चार दिवस खाल्ल्या. चांगल्या होत होत्या.